भिंतीकडे तोंड केलेली पाटी

“मला चिनी म्हना, चालंल. म्हातारा म्हना, त्येबी चालंल. पन डॉक्टर म्हनू नका. कायदा हाय.”

माळीवाड्यातल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे ऐकावं लागायचं. नवा माणूस आधी त्या चेहऱ्याकडे बघायचा, मग त्या तोंडून निघालेली श्रीगोंद्याकडची मराठी ऐकून चक्रावायचा, आणि मग आमच्याकडे वळायचा, कुणी काही उलगडून सांगतंय का म्हणून. आम्ही काय सांगणार, कप्पाळ! आम्हालाच तो माणूस पुरता कळायला काही वर्षं जावी लागली. आणि कळला तेव्हा मी त्याच्यासमोर आ वासून बसले होते. अगदी खरोखर आ वासून. ते सांगतेच पुढे.

माझा टायपिंगचा क्लास त्यांच्या दुकानाला लागून होता. मधे नुसती फळ्यांची भिंत, तीही फटी पडलेली. नागापूरला एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते आणि पोराला टायपिंग आलं की तिथे ऑफिसात चिकटतो, अशी गावातल्या आईबापांची पक्की समजूत. त्यामुळे माझा क्लास जोरात चालायचा. दिवसभर खडखडाट. त्या खडखडाटाबद्दल काकांनी कधी तक्रार केली नाही. मी त्यांना काकाच म्हणायचे. डॉक्टर म्हणायची बंदी, नाव घेणं बरं दिसेना, मग काका. ते मला ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

काकांचा जन्म चीनमधला. लहान असतानाच चुलत्याबरोबर बोटीनं कलकत्त्याला उतरले. चुलता दातांचं काम करायचा, त्याच्याच हाताखाली हे शिकले. महायुद्धाच्या काळात नगरच्या छावणीत गोरे सोल्जर येऊन पडले होते. त्यांचे दात बघायला म्हणून चुलत्यानं यांना इकडे धाडलं. सोल्जर गेले, काका राहिले. श्रीगोंद्याकडची बायको केली. मराठी त्यांनी तिच्याकडूनच उचलली, स्वयंपाकघरात बसून, त्यामुळे त्यांच्या तोंडी सगळे बायकी उद्गार. साठीला आलेला बाप्या माणूस, पण बोटाला सुई टोचली की म्हणायचा, “अगं बया!” आमच्या क्लासातली पोरं फुटायची हसून. ती बिचारी काकू मी क्लास काढायच्या आधीच गेलेली. मूलबाळ नव्हतं.

एवढं सगळं असून कागदावर हा माणूस परका. बासष्टच्या लढाईनंतर तर दर महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी. नगरच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. बायकोच्या माहेरी मयतीला जायचं, तरी अर्ज. आणि तो अर्ज मंजूर होऊन येईपर्यंत तेरावंसुद्धा उरकलेलं असायचं. मी एकदा तणतणले, तर म्हणाले, “बाई, सरकारचंबी बरोबर हाय. त्याला माझ्या पोटातलं काय म्हाईत?” मला असल्या समजूतदारपणाचा भारी राग यायचा. मी तशी तोंडाळ. मनात आलं की बोलून मोकळी.

तर परवान्याचं असं झालं.

दातांचं काम करणाऱ्यानं सरकारदरबारी नोंदणी केली पाहिजे, हा कायदा म्हणे जुनाच होता. आमच्या गल्लीपर्यंत यायला मात्र त्याला सत्तर साल उजाडलं. शिपाई नोटीस देऊन गेला. काकांनी ती माझ्याकडून वाचून घेतली, मग ओळखीच्या एका वकिलाकडून, मग पुन्हा माझ्याकडून. वकील म्हणाले, डिग्री नसली तरी जुन्या, अनुभवी माणसाला नोंदणी मिळू शकते. पण तो भारताचा नागरिक पाहिजे. म्हणजे आधी नागरिकत्व, मग नोंदणी, आणि मग दात. आणि तोवर एकाच्याही दाताला हात लावलेला असता कामा नये, नाहीतर चौकशीत तेच आडवं येणार.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायला आले तर काका शिडीवर. दारावर त्यांची पाटी होती. गुलाबी हिरड्या, पांढरीशुभ्र बत्तिशी, आणि खाली चिनी, इंग्रजी, मराठी अशी तीन ओळींत अक्षरं. ती त्यांनी उतरवली, तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि परत तिथेच ठोकली. आता रस्त्याकडे नुसतं कोरं लाकूड.

“काका, ठेवायचीच तर उलटी कशाला?”

“परवाना आला की फिरवायची. लांब कुटं ठिवायची?”

त्या दिवसापासून त्यांचे हात पाठीमागे गेले. आता हे मी कसं सांगू? कुणी दात दाखवायला आलं की काका पहिल्यांदा दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत गुंतवायचे, आणि मगच वाकून तोंडात बघायचे. मान इकडे कर, मान तिकडे कर, सगळं तोंडानं. बोट म्हणून लावायचे नाहीत. “बघायला परवाना लागत न्हाई,” असं म्हणायचे. बघून झालं की कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरायला सांगायचे आणि सिव्हिल हॉस्पिटलचा रस्ता दाखवायचे. बायकांनी मशेरी लावलेली दिसली की मात्र हात मागे ठेवूनच असे ओरडायचे की सगळी गल्ली गोळा व्हायची. पुढे पुढे ती सवयच झाली. रस्त्यानं चालतानाही हात मागे.

गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. काढणारच. बाजाराच्या दिवशी वेशीजवळ चादर पसरून लोक पकडीनं दात उपटत बसायचे, त्यांना कुणी हटकत नव्हतं. आणि हा माणूस, ज्याच्याकडून अर्ध्या नगरनं कवळ्या बसवून घेतल्या, तो घड्याळं दुरुस्त करून पोट भरतोय! मी एकदा स्पष्टच विचारलं, “त्या चादरवाल्यांना कोण परवाना विचारतंय, काका?”

“त्यांना कोन इचारनार? ते हितलेच हायत,” काका म्हणाले. “मला अजून हितला व्हायचं हाय.”

मी आपली उठून क्लासात परत आले.  

त्यांच्या दुकानात ती जुनी लोखंडी खुर्ची होती, दात काढायची. तिच्यावर पांढरी चादर घालून ठेवलेली. स्वतः कधी टेकायचे नाहीत तिच्यावर, दुसऱ्याला बसू द्यायचे नाहीत. आणि दर शनिवारी कपाट उघडून सगळी हत्यारं बाहेर काढायची, पाण्यात उकळायची, पुसायची, तेलाचा हात फिरवायचा आणि परत कुलूप. वापरायचं एकही नाही, पण शनिवार चुकायचा नाही. भिंतीच्या फटीतून तो खळखळ उकळणाऱ्या पाण्याचा आवाज आला की मला कळायचं, आज शनिवार. पोरांना अर्धी सुट्टी द्यायची आठवण मला त्या आवाजानं व्हायची.

आता फौजदारांची गोष्ट. ज्या ठाण्यात काका हजेरीला जात, तिथलेच हे फौजदार. काकांच्या नागरिकत्वाच्या अर्जावर चौकशीचा अहवाल त्यांनीच धाडायचा होता. म्हणजे काकांची सगळी दोरी त्यांच्या हातात. एके दिवशी दुपारी जीप येऊन थांबली. फौजदारांचा गाल हा असा सुजलेला, डोळ्यांत पाणी. आत शिरले ते थेट चादर ओढून खुर्चीत बसले.

“काढा.”

माझ्या क्लासातली सगळी मशीनं एका दमात थांबली. पोरं फटीला डोळे लावून उभी, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

“सायेब, सिव्हिलला जावा,” काका म्हणाले. हात मागे.

“तिथला दातांचा डॉक्टर पुण्याहून येतो. परवा उगवणार. मी सांगतोय ना, काढा. तुमच्या अर्जाचं मी बघतो.”

“तुमीच बघनार हाय म्हनून तर काडता येत न्हाई, सायेब.”

 फौजदार असे उठले की शेजारचं स्टूल कोलमडलं. जाता जाता म्हणाले, “बघू, कसा होतोस तू नागरिक.” जीप गेली. काकांनी स्टूल उचललं, चादर झटकली, परत खुर्चीवर नीट अंथरली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी तरातरा तिकडे गेले आणि म्हटलं, “अहो, देव चालून आला होता दारात! एक दात! कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं असतं, बाई,” म्हणाले, आणि घड्याळ उघडून बसले.

या उत्तरावर मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षाबद्दल सगळे सांगतात, मी वेगळं काय सांगणार. पाथर्डी, कर्जतकडची माणसं घरदार सोडून रस्त्याच्या कामांवर खडी फोडायला आलेली. एके दिवशी भर उन्हात खडीचा एक रिकामा ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि एका माणसानं आपल्या बायकोला हाताला धरून उतरवलं. चिचोंडीकडच्या कामावरची बाई. पंचविशीची असेल. जबड्याखाली एवढी सूज की मान आणि हनुवटी एक झालेली. तोंड मिटत नव्हतं, लाळ गळत होती, आणि प्रत्येक श्वासाला घशातून खरखर. चादरवाल्या कुणीतरी तिचा दात अर्धवट मोडून ठेवला होता, असं नवरा म्हणाला. कुणीतरी त्याला जुन्या आठवणीनं चिनी डॉक्टरचा पत्ता दिला होता.

काकांनी हात मागे बांधले आणि वाकून बघितलं. बघताना त्यांचा चेहरा उतरला.

“सिव्हिलला ने. आत्ता. पळ.”

“तितनंच आलोय, डॉक्टर. दाताचं डॉक्टर न्हाईत. दुसरं म्हनले, पुण्याला घिऊन जावा.”

“डॉक्टर म्हनू नको,” काका म्हणाले, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ते तिच्या गळ्याकडे बघत होते. तिला नीट बसताही येईना, पुढे वाकून दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून ती श्वास ओढत होती. पुणं तिनं बघितलंच नसतं. मला कळत होतं, तिच्या नवऱ्याला कळत होतं.

काकांनी एकदा दारावरच्या उलट्या पाटीकडे बघितलं. मग त्यांचे हात मागून पुढे आले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते हात कुणाच्या तोंडाकडे जाताना पाहिले. कपाट उघडलं, त्या शनिवारी उकळलेली हत्यारं बाहेर आली. “बाई, डोकं धरा हिचं.” मी धरलं. पोरांना मी बाहेर हाकललं. पुढचं मी नीट बघू शकले नाही, पण त्यांचे हात बघितले. काय स्थिर हात होते ते! जबड्याखाली चीर दिली, घाण वाहून गेली, मग तो मोडका दात बाहेर. आणि मग त्या बाईनं एक श्वास घेतला, असा भरभरून, की तिचा नवरा खाली बसून रडायलाच लागला. मीही रडले. फक्त काका रडले नाहीत. त्यांनी हत्यारं पाण्यात टाकली, हात धुतले आणि मला म्हणाले, “बाई, एक अर्ज टाईप करा.”

“कसला अर्ज?”

“ठान्यात द्यायचा. मी इनापरवाना दात काडला म्हनून.”

मी डोक्यावर हात मारून घेतला. किती विनवलं म्हणून सांगू! म्हटलं, काका, गल्लीतलं कुणी तोंड उघडणार नाही. ही माणसं परत येणार नाहीत. त्या फौजदाराला तर आयतं कोलीत मिळेल. तुमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलाच म्हणून समजा. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, शेवटपर्यंत. मग म्हणाले, “उद्या सरकार इचारंल, तू कायदा मोडला का? मी न्हाई म्हनलो, तर मग खोटं बोलून हितला झालो. तसं न्हाई व्हायचं.”

टाईप केला. दात-ओठ खात टाईप केला, पण एकही चूक होऊ दिली नाही. आणि त्यांच्या मागोमाग ठाण्यात गेले, कारण मला त्या माणसाला तिथे एकटं सोडवेना.

फौजदारांनी अर्ज वाचला. परत वाचला. म्हणाले, “म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे का? मी काही बघितलं नाही, काही ऐकलं नाही. न्या हा कागद.”

“न्हाई सायेब. नोंद करा.”

“माझा दात काढायच्या वेळी कायदा होता. आता कुठं गेला?”

“तवाबी हुता, आत्ताबी हाय. म्हनून तर आलो.”

“मग माझा का नाही काढलात?” फौजदार खरंच चिडून विचारत होते, एखाद्या रुसलेल्या पोरासारखे.

“तुमचा दात दुखत हुता, सायेब,” काका म्हणाले. “तिचा जीव चालला हुता.”

 फौजदारांनी टोपी डोक्यावर घातली, सरळ बसले आणि नोंद करून घेतली. आम्ही निघालो तेव्हा ते उठून दारापर्यंत आले. एवढं मी डोळ्यांनी बघितलं. त्या महिन्यापासून हजेरीला गेल्यावर काकांना तिथे बसायला खुर्ची मिळू लागली. पण नोंद ती नोंद. नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला. पुन्हा पहिल्यापासून करा, म्हणून उत्तर आलं. काकांनी माझ्याकडून पुन्हा पहिल्यापासून करून घेतला.

महिन्याभरानं ती बाई पायीपायी आली, गळ्याशी व्रण, तोंडभर हसू. “डॉक्टर कुटं हायत?” म्हणून विचारत होती. “डॉक्टर म्हनू नको,” काका आतून ओरडले, “आन् मशेरी लावती का अजून?”

त्यानंतर काकांनी घड्याळं घेणं बंद केलं. स्टोव्ह दुरुस्त करू लागले. मग वर्षभरात स्टोव्हही सोडले आणि छत्र्या धरल्या. मी म्हटलं, “काका, धंदा काय सारखा बदलता? आणि पावसाचा पत्ता नाही, छत्र्या कोण आणतंय?”

“छत्री बरी, बाई. घड्याळाचा जीव लई बारीक,” म्हणाले. मी म्हटलं, असेल. शनिवारी हत्यारं उकळायचा आवाज येतच होता. हात मागेच होते. मला काय दिसणार?

चौऱ्याहत्तर साली नागरिकत्व मिळालं. कलेक्टर कचेरीत शपथ घेऊन सही करायची होती, मी बरोबर होते. सही करायला त्यांनी फार वेळ लावला. मला वाटलं, गहिवरले असतील. पुढे काही महिन्यांनी नोंदणीही आली. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले मी. पोरांनी शिडी धरली, काकांनी पाटी उतरवून फिरवली. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून राहिल्यानं तिचा रंग जरासुद्धा उडाला नव्हता. त्या गुलाबी हिरड्या बघून जो तो हसत होता.

आणि मी आत जाऊन खुर्चीवरची चादर काढली आणि बसले. माझी डाव्या बाजूची दाढ दीड वर्षं ठणकत होती. सिव्हिलला गेले नव्हते. ठरवूनच ठेवलं होतं, काकांचा पहिला पेशंट मी होणार. दीड वर्ष उजवीकडून जेवले मी त्यासाठी.

“काढा काका,” म्हटलं, आणि आ वासला.

काकांनी हात धुतले. पकड उचलली. माझ्या तोंडाजवळ आणली, आणि ती माझ्या पुढच्या दातांवर टकटक वाजायला लागली. मला आधी कळेचना काय वाजतंय. मग मी खाली बघितलं. पकड थरथरत होती. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. तोही हात थरथरत होता. मला त्या क्षणी सगळं एकदम उमगलं, घड्याळं, स्टोव्ह, छत्र्या, कचेरीतली सही.

त्यांनी पकड ताटलीत ठेवली.

“तोंड मिटा, बाई. परवाना हाय. हात न्हाईत.”

मी म्हटलं, “काढा हो तुम्ही. थोडं दुखेल, मला चालेल.”

“मला न्हाई चालत.”

बाहेर पोरं पाटीखाली नाचत होती. कुणी विचारणार नव्हतं, कुणी पकडणार नव्हतं. आता तर कायदाही त्यांच्या बाजूचा होता. आणि हा माणूस हात पुसून, चादर माझ्याकडून मागून घेऊन, खुर्चीवर परत अंथरत होता. मी आजवर देवळं पुष्कळ बघितली, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या छत्र्यांच्या दुकानात.

“सिव्हिलला जावा उद्या,” म्हणाले. “आता तितं रोज असत्यात.”

“बरं, काका.”

“काका न्हाई.” ते ताठ उभे राहिले. हात मागे नेले नाहीत, तसेच पुढे ठेवले, थरथरत. “आता डॉक्टर म्हना.”

दुसऱ्या दिवशी सिव्हिलमध्ये गेले. एक पोरसवदा डॉक्टर होता. माझी दाढ बघून म्हणाला, “इतके दिवस काय करत होतात? आणि आज कुणी पाठवलं?”

मी म्हटलं, “आमच्या डॉक्टरांनी.”